पांढऱ्या कड्यांपासून निळ्या चिकणमातीपर्यंत

इंग्लंडचा दक्षिण किनारा पाहायला लोक उन्हाळ्यात जातात. ढासळणारे कडे पाहायचे असतील तर मात्र मार्च बरा. हिवाळाभर मुरलेल्या पावसाने जमिनीतल्या पाण्याची पातळी चढलेली असते, नुकत्या पडलेल्या दरडी अजून ताज्या असतात आणि झाडांना पालवी नसल्यामुळे भेगा, पायऱ्या, खचलेले तुकडे लांबूनही कळतात. वारा तेवढा सोसायची तयारी हवी.

गाडी चालवायला भाचा होता. या विषयावरचं त्याचं मत निघण्याआधीच पक्कं होतं. "मामा, लाटा आपटतात, पायथा पोखरतात, कडा पडतो. यात आठवडाभर बघण्यासारखं आहे काय?" माझं म्हणणं असं की समुद्राच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं आहे, पण बहुतेक ठिकाणी कड्याचा निकाल वरून आणि आतून लागतो, समुद्र नंतर येतो. वाद मिटला नाही, म्हणून आम्ही निघालो.

सोमवार : बर्लिंग गॅप, बीची हेड

पहिलं ठिकाण भाच्याच्या बाजूचं निघालं. बर्लिंग गॅपला लोखंडी जिन्याने खाली उतरलं की समोर सरळसोट पांढरी भिंत. हा खडू साडेआठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळावर साचलेल्या अतिसूक्ष्म शैवालांच्या कवचांचा. ओहोटीला पायाखाली खडूचाच सपाट चौथरा उघडा पडतो. एके काळी कडा इथवर होता, त्याचा हा उरलेला पाया.

पायथ्याशी लाटांनी कोरलेली खाच स्पष्ट दिसते. वरच्या खडूला आधार राहत नाही, मग तो उभ्या सांध्यांवर, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक भेगांवर, सुटतो आणि अख्खा पापुद्रा खाली येतो. ताजी पडलेली जागा डोळे दिपवणारी पांढरी, जुनी जागा पिवळट. हे एवढं पाहून भाच्याने माझ्याकडे विजयी नजर टाकली.

मी त्याच्या हातात पडलेल्या ढिगाऱ्यातला एक तुकडा दिला. तळव्याएवढा, पण अपेक्षेपेक्षा जड, आणि दाबला तर बोटांना ओलसर पिठी लागते. खडूच्या आकारमानाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग म्हणजे बारीक पोकळ्या असतात. हिवाळ्यात त्या पाण्याने भरतात. भरलेला खडू कोरड्या खडूपेक्षा बराच कमकुवत असतो, आणि थंडीत बाहेरच्या अंगाचं पाणी गोठलं की सांधे आणखी उघडतात. म्हणजे पायथा लाटांनी कापला हे खरं, पण पडण्याचा मुहूर्त बऱ्याचदा पाऊस आणि गोठवणारी थंडी ठरवतात.

इथला कडा वर्षाला सरासरी पाऊण मीटरच्या आसपास मागे जातो. सरासरी हा शब्द फसवा आहे. काही वर्षं काहीच होत नाही आणि एका रात्रीत काही मीटर जातात. तटरक्षकांसाठी १८७८ साली बांधलेल्या घरांच्या ओळीतली कड्याकडची काही घरं आता नाहीत. कडा जवळ येत गेला तशी ती एकेक करून पाडली. इथे भिंत बांधून कडा थोपवायचा नाही, असंच ठरलेलं आहे.

दुपारी बेल टूट दीपस्तंभापाशी गेलो. १८३० च्या दशकातली ही इमारत मार्च १९९९ मध्ये अख्खीच्या अख्खी जॅकवर उचलून, रुळांवरून १७ मीटर मागे सरकवली. वजन ८५० टन. त्याच वर्षीच्या जानेवारीत जवळच बीची हेडला एवढा मोठा कडा कोसळला होता की ढिगारा खाली समुद्रात उभ्या असलेल्या दुसऱ्या दीपस्तंभाच्या दिशेने पसरत गेला. बीची हेड १६२ मीटर उंच, ब्रिटनमधला सगळ्यात उंच खडूचा समुद्रकडा. कठडा नाही, काही नाही. हिरवळ अचानक संपते. मी कड्यापासून बऱ्यापैकी लांब थांबलो, कारण वरच्या गवताखाली खडू आहे की नुसती हवा, ते वर उभं राहून कळत नाही.

२०१६ मध्ये बीची हेड आणि जवळच्या होप गॅप इथल्या कड्यांचा एक फार सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. किनाऱ्यालगतच्या खडूच्या चौथऱ्यावरची गारगोटी जितका काळ आकाशाखाली उघडी असते, तितकं अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे तिच्यात बेरिलियम-१० हे किरणोत्सारी द्रव्य साठतं. ते मोजून कडा किती वेगाने मागे हटला हे काढलं. गेल्या काही हजार वर्षांत वर्षाला २ ते ६ सेंटिमीटर, आणि अलीकडच्या दीडशे वर्षांत २२ ते ३२. फरकाचं एक कारण संशोधकांनी दिलं ते पुळणीचं : पायथ्याशी असलेला गोट्यांचा थर पातळ झाला आणि लाटा थेट कड्याला लागू लागल्या. हा गोट्यांचा मुद्दा दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर येणार होता.

मंगळवार : फोकस्टन वॉरन

उलट दिशेला, पूर्वेकडे. वॉरन म्हणजे उंच खडूचा कडा आणि समुद्र यांच्यामध्ये पसरलेली, झुडपांनी भरलेली, उंचसखल जमीन. लांबी तीनेक किलोमीटर. अनोळखी माणसाला ती रानासारखी वाटेल. खरं तर ती सगळी कड्यावरून सरकून खाली आलेली जमीन आहे, आणि तिच्यामधून १८४४ पासून आगगाडी धावते.

आधी जवळच्याच कॉप्ट पॉइंट या टोकाला गेलो, कारण सगळ्याचं मूळ तिथे उघडं दिसतं. खडूच्या खाली गॉल्ट क्ले नावाची निळसर राखाडी चिकणमाती आहे. ओली असताना ती बुटाला अशी धरते की पाय उचलताना आवाज येतो. बोटांमध्ये घोळवली तर कणच लागत नाहीत, साबणासारखी गुळगुळीत. मध्येच अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचं गुंडाळीसारखं कवच, अजूनही मोत्यासारखी चमक असलेलं. खडूतून झिरपत आलेलं पाणी इथपर्यंत येतं आणि थांबतं, कारण गॉल्टमधून ते जवळजवळ जातच नाही.

पाणी वंगणाचं काम करतं, असं आपण सहज म्हणून जातो. मुख्य काम दाबाचं असतं. मातीचे कण एकमेकांवर जितके दाबले जातात, तितकं त्यांच्यातलं घर्षण. मधल्या पोकळ्यांत पाणी तुंबलं की वरच्या वजनाचा काही भाग ते पाणीच पेलतं, कणांची एकमेकांवरची पकड सैल होते, आणि कालपर्यंत उभा असलेला उतार तेवढ्याच वजनाखाली आज सरकतो. म्हणूनच वॉरनमधल्या मोठ्या घसरणी बहुतेक हिवाळ्यातल्या आहेत.

सगळ्यात मोठी १९ डिसेंबर १९१५ ची. संध्याकाळी ॲशफर्डहून डोव्हरकडे निघालेली गाडी वॉरनमध्ये असताना जमीन हलली. पहारेकऱ्यांनी दिवे दाखवून गाडी थांबवली होती. डबे कलंडले, रूळ समुद्राकडे वाहवत गेले, पण प्रवाशांना मार्टेलो बोगद्यातून चालत फोकस्टनकडे सुखरूप नेलं. युद्ध चालू होतं, त्यामुळे मार्ग पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट १९१९ उजाडला.

इथे भाच्याचा समुद्र परत येतो, पण माणसाचा हात धरून. या किनाऱ्यावर गोटे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. फोकस्टनच्या बंदराचा धक्का एकोणिसाव्या शतकात बांधला आणि पुढे वाढवत नेला, तसे गोटे धक्क्याच्या पश्चिमेला अडत गेले. वॉरनच्या पायथ्याची पुळण उपाशी राहिली. सरकून आलेल्या जमिनीचं पायथ्याशी जे वजन साचतं, तेच वरच्या जमिनीला टेकू देत असतं. लाटांनी तो टेकू खाल्ला की मागचं सगळं पुन्हा सुटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ ते १९५५ या काळात, पायथ्याशी काँक्रीटचे रुंद ओटे घातले. लाटा अडवायला भिंत पुरली असती. ओटे घातले ते मुख्यतः वजनासाठी. शिवाय पाणी काढून द्यायला आत बोगदे खोदले. काँक्रीटच्या ओट्यावर बसून समोरचा समुद्र पाहताना आपण एका मोठ्या वजनावर बसलो आहोत हे लक्षात येत नाही.

परतताना सॅम्फायर हो पाहिलं. इंग्लंड-फ्रान्स जोडणारा समुद्राखालचा चॅनल टनेल खोदताना निघालेली सुमारे ४९ लाख घनमीटर माती कड्याच्या पायथ्याशी टाकून ही नवी जमीन केली, १९९७ मध्ये लोकांना खुली झाली. तिच्यामागच्या कड्याला आता लाटा लागत नाहीत. त्या कड्यावरून तरीही तुकडे पडतात का, हे शोधायला भाचा दुर्बीण घेऊन बराच वेळ उभा राहिला. त्याला एक ताजा पांढरा डाग सापडला आणि तो गप्प झाला.

बुधवार : व्हेंटनर

पोर्ट्समथहून फेरीने आइल ऑफ वाइट. बेटाच्या दक्षिण टोकाला बॉनचर्चपासून ब्लॅकगँगपर्यंत १२ किलोमीटर लांबीची घसरलेली जमीन आहे, आणि तिच्यावर व्हेंटनर नावाचं गाव वसलं आहे. वायव्य युरोपातला हा सगळ्यात मोठा नागरी वस्ती असलेला भूस्खलनाचा पट्टा. भूस्खलनाच्या धोक्यात गावं असतात, हे माहीत होतं. गाव संपूर्णपणे भूस्खलनावरच असणं निराळं.

गाव इथे वाढलं त्याला कारण गमतीशीर आहे. मागच्या उंच कड्यामुळे उत्तरेचा वारा अडतो, हवा सौम्य राहते. व्हिक्टोरियन काळात डॉक्टर क्षयाच्या रुग्णांना इकडे पाठवू लागले आणि १८६९ मध्ये छातीच्या रोगांचं मोठं रुग्णालय उघडलं. आता त्या जागी वनस्पती उद्यान आहे. वारा अडवणारा तो आडोसा तयार झाला तो जमीन घसरल्यामुळेच. म्हणजे ज्या गोष्टीने गाव वसवलं तीच त्याच्या पायाखालची खोड आहे.

इथेही खाली गॉल्टच. स्थानिक लोक तिला 'ब्लू स्लिपर', म्हणजे निळी घसरणारी, म्हणतात. पण वॉरनपेक्षा इथली गोष्ट अवघड, कारण ही घसरण हजारो वर्षं जुनी आहे. चिकणमातीचे कण चपट्या पत्र्यांसारखे असतात. एकदा जमीन त्यांच्यावरून सरकली की घसरीच्या पातळीवर ते एका दिशेला झोपतात, आणि मातीची ताकद कायमची उतरते. नवा उतार घसरायला मोठं कारण लागतं. जुना घसरलेला उतार पुन्हा हलायला एक ओला हिवाळा पुरतो. व्हेंटनरमध्ये तो हलतो, पण बहुधा मिलिमीटर-सेंटिमीटरने.

गावात फिरताना आम्ही भिंती वाचत होतो. एका दगडी कुंपणाच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत तिरकी चीर, मध्ये सिमेंट भरलेलं, आणि त्या सिमेंटच्या बाजूने पुन्हा केसाएवढी नवी चीर. दुसऱ्या एका घराचा दरवाजा काटकोनात नव्हता, चौकटीला वरून पाचर मारून सरळ केला होता. वरच्या भागात, लोथरव्हिलला, रस्त्यावरचं डांबर दोन्ही बाजूंनी तुटून मधला पट्टा खाली बसलेला दिसतो. तिथे मागचा भाग स्थिर, पुढचा समुद्राकडे निघालेला, आणि मधली फळी पोकळीत उतरतेय.

लोक मात्र घाबरून राहत नाहीत. त्यांनी पाण्याचा हिशेब ठेवायला सुरुवात केली आहे. पावसाचं पाणी शोषखड्ड्यात सोडायचं नाही, नळाच्या गळत्या शोधून बुजवायच्या, पाइपला थोडी लवचीकता असलेले सांधे द्यायचे, असा सल्ला इथे दिला जातो. गावाखालच्या जमिनीत पावसाशिवाय घरांतूनही पाणी जात असतं, ते थांबवणं भिंत बांधण्यापेक्षा स्वस्त आणि शहाणपणाचं. ही कल्पना मला या सहलीतल्या कुठल्याही काँक्रीटपेक्षा जास्त आवडली.

सगळं आटोक्यात आहे असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बॉनचर्चला मोठी घसरण झाली, घरं रिकामी करावी लागली, लीसन रोड बंद झाला. आम्ही पूर्वेकडे कडेकडेने गेलो तेव्हा झाडं वेगवेगळ्या कोनांत कललेली होती. कललेल्या झाडाचा शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला असेल तर हालचाल जुनी. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सगळं तिरकं असेल तर ताजी.

गुरुवार : ब्लॅकगँग, आणि मग रस्ताच रस्ता

सकाळी ब्लॅकगँग. इथलं मनोरंजन उद्यान १८४३ पासून चालू आहे आणि समुद्राकडची जमीन जाईल तसं मागे सरकत आलं आहे. जवळच्या विंडी कॉर्नरला जुना रस्ता १९२८ मध्ये दरडीने तोडला तो तुटलेलाच आहे. डांबरी पट्टा झुडपांत शिरतो आणि नाहीसा होतो.

बाकी दिवस फेरी आणि गाडीत गेला. गाडीत भाच्याने हुकमी पत्ता काढला. "पायथ्याला मजबूत भिंत असेल तर कडा पडत नाही, एवढं तरी मान." मग त्याला होलबेक हॉल सांगावं लागलं. स्कारबरो, यॉर्कशर, जून १९९३. समुद्रापासून वर, ६० मीटर उंच उतारावर चार तारांकित हॉटेल. पायथ्याला समुद्रभिंत होती. आधीच्या दोन महिन्यांत भरपूर पाऊस झाला होता. ३ जूनच्या रात्री हिमनद्यांनी आणून टाकलेल्या त्या मातीत घसरण सुरू झाली, ४ तारखेला सकाळी पाहुण्यांना बाहेर काढलं, आणि पुढच्या दिवसभरात हॉटेलचा समुद्राकडचा भाग तुटून खाली गेला. माती भिंतीवरून ओसंडून समुद्रात जिभेसारखी पसरली. सुमारे दहा लाख टन. पुढे हॉटेल मालकांनी नगरपालिकेवर, म्हणजे खालच्या उताराच्या मालकावर, दावा केला. २००० साली अपील न्यायालयाने नगरपालिकेला जबाबदार धरलं नाही, कारण एवढं मोठं संकट आधी ओळखता येण्यासारखं नव्हतं.

भाचा म्हणाला, "मग भिंत बांधायचीच कशाला?" बांधायची, कारण पायथा खाल्ला जात असेल तर वरचं सगळं पाणी काढूनही उपयोग नाही. पण नुसती भिंत म्हणजे अर्धा इलाज.

शुक्रवार : लाइम रीजिस, ब्लॅक व्हेन

वर्षानुवर्षं ऐकलेलं नाव. लाइमच्या पूर्वेला, चारमथच्या बाजूचा ब्लॅक व्हेन हा कडा म्हणजे काळ्याकरड्या शेल (चिखलाचा बनलेला पापुद्र्यांचा खडक) आणि चुनखडीचे थर, साधारण १९ ते २० कोटी वर्षांचे. त्यांच्यावर, मध्ये फार मोठ्या काळाची फट सोडून, क्रिटेशस काळातला, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या युगातला, पिवळट वाळूचा थर. वाळूतून पाणी सरसर खाली येतं, काळ्या मातीवर अडतं आणि कड्याच्या मधल्या उंचीवर पाझर बनून बाहेर पडतं. पाझरांची ती रेषा शोधायला कुणाला विचारावं लागत नाही. उघड्या करड्या उतारावर मध्येच हिरवा पट्टा दिसला की तिथे पाणी. त्याच्याखाली चिखलाचे ओघळ पायऱ्या-पायऱ्यांनी समुद्रापर्यंत उतरतात. १९५७ ते ५९ या काळात ब्लॅक व्हेनवरून असे प्रचंड चिखलप्रवाह पुळणीवर आले. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या अशा जागांपैकी ही एक.

इथे समुद्राचं खरं काम मला पटलं आणि ते भाच्यालाही मान्य झालं. समुद्र हा सफाई कामगार आहे. वरून आलेला चिखल पायथ्याशी साचून राहिला असता तर उतार केव्हाच निवांत झाला असता. लाटा तो उचलून नेतात, उतार कायम अवघड स्थितीत राहतो, पुढच्या ओल्या हिवाळ्याची वाट पाहत.

जीवाश्म शोधण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मेरी ॲनिंगने याच कड्याखाली आयुष्य घालवलं. १८११ मध्ये तिच्या भावाला इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची कवटी सापडली, पुढच्या वर्षी उरलेला सांगाडा तिने काढला. जीवाश्म शोधणारे हिवाळ्यात हिंडतात ते दरडींमुळेच. कडा पडल्याशिवाय आतलं बाहेर येत नाही. १८३३ मध्ये तिचा ट्रे नावाचा कुत्रा दरडीखाली सापडून गेला, ती स्वतः थोडक्यात वाचली. आजही लोक कड्याला चिकटून हातोड्या मारताना दिसतात. सुट्या गोट्यांत शोधा, कड्यापासून लांब राहा, भरतीची वेळ बघा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्यासमोरच मुठीएवढा दगड वरून टप्पे घेत आला आणि एका माणसाच्या पिशवीपाशी थांबला. त्याने वर पाहिलं, पिशवी दोन पावलं सरकवली आणि पुन्हा हातोडी उचलली.

६ मे २००८ ला इथे सुमारे ४०० मीटर लांबीचा तुकडा खाली आला. त्यासोबत गावाचा जुना कचराडेपोही. अजूनही पुळणीवर अमोनाइटच्या शेजारी गंजलेलं लोखंड आणि जुन्या बाटल्यांच्या काचा सापडतात. गावाच्या बाजूला मात्र २०१५ मध्ये नवी समुद्रभिंत पूर्ण झाली आणि मागच्या उतारात खिळ्यांसारख्या पोलादी सळया व निचऱ्याच्या नळ्या घातल्या. भिंत आणि निचरा, दोन्ही.

शनिवार : अंडरक्लिफ

लाइमपासून पश्चिमेला सीटनकडे जाणारी अकराएक किलोमीटरची पायवाट. एकदा आत शिरलं की मधून बाहेर पडायला जवळजवळ वाट नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र. १९५५ पासून राखीव क्षेत्र. ॲश आणि मेपलची झाडं, खाली नेचे, पायाखाली कायम ओल. जमीन एवढी तुटलेली की इथे शेती करायचा नाद लोकांनी केव्हाच सोडला, त्यामुळे रान आपोआप वाढलं.

१८३९ चा डिसेंबर. वर्षभर पाऊस झालेला. २४ तारखेच्या रात्री शेतावरच्या मेजवानीहून परतणाऱ्या मजुरांना घराकडची वाट खाली गेलेली दिसली. पुढच्या दिवसभरात याच पट्ट्यातल्या बिंडनला शेतांचा एक भलामोठा तुकडा अखंडपणे समुद्राकडे सरकला आणि मागे खोल दरी उघडली. तुकड्यावरचं गव्हाचं शेत तसंच उभं राहिलं. त्याला आता गोट आयलंड म्हणतात. जीव कुणाचाच गेला नाही. पुढच्या वर्षी तो गहू कापला तेव्हा बघायला जत्रा लोटली. समोरच्या समुद्रतळातून सुमारे बारा मीटर उंच खडकांची रांग वर आली होती, ती लाटांनी काही महिन्यांतच खाऊन टाकली.

योगायोग असा की विल्यम कॉनिबेअर तेव्हा जवळच्या ॲक्समिन्स्टरचे धर्मगुरू होते आणि विल्यम बकलंडही त्याच भागात होते. दोघेही त्या काळचे नामांकित भूवैज्ञानिक. बकलंड यांच्या पत्नी मेरी यांनी चित्रं काढली. लोक भूकंप म्हणत होते. या दोघांनी सांगितलं की भूकंप नव्हे : पावसाने तुडुंब भरलेल्या वाळूच्या थराचा रबडा झाला आणि वरचं सगळं त्याच्यावरून निघालं. एखाद्या मोठ्या भूस्खलनाचं हे जगातलं अगदी सुरुवातीचं शास्त्रीय वर्णन. आजचे अभ्यासक घसरीची पातळी त्यापेक्षा खाली, समुद्राकडे किंचित कललेल्या चिकणमातीच्या थरांत शोधतात, पण पाण्यावरचा आरोप कायम आहे.

गोट आयलंडवर चढलो तेव्हा वर स्वच्छ गवताळ माळ, कडेला खोल दरी, आणि दरीच्या पलीकडे इंग्लंडचा मूळ किनारा. भाच्याने गवतावर पाय आपटून पाहिला. "म्हणजे हे सगळं, गव्हासकट?" मी म्हटलं, गव्हासकट.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी : वाट लांब नाही, पण चढउतार आणि मुळं यांमुळे वेळ तिप्पट धरावा. बूट घोट्याच्या वरचे हवेत. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर आधी वाट उघडी आहे का ते पाहून घ्यावं. २०१४ च्या हिवाळ्यात एका घसरणीने मधला भाग बंद पडला, आणि जमिनीचा नवा अंदाज घेऊन वाट वळवून ती पुन्हा सुरू करायला २०१६ साल लागलं.